सात कागदी फुलांचं पॉप-अप कार्ड: उघडताना फुलणारं, मिटताना सपाट होणारं

शिक्षक दिनाच्या आधी आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर साताऱ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते: "काका, उघडल्यावर फूल वर येतं ना, त्या कार्डासाठी कागद द्या." काका क्रेप कागद काढून देतात. मुलं घरी जाऊन त्याचं गुबगुबीत फूल करतात, कार्डाच्या आत चिकटवतात आणि मग ते कार्ड काही केल्या मिटत नाही. दप्तराखाली दाबलं तर मिटतं, पण तोवर फुलाचा चेंदामेंदा झालेला असतो.

म्हणून पॉप-अप कार्डाचा विचार मिटलेल्या बाजूने सुरू करायचा. फूल आत कुठे निजणार, कोणत्या घडीवर दुमडणार आणि किती जाड होणार, एवढं आधी ठरवायचं. ते जमलं की उघडण्याचं काम कागद आपला आपण करतो. इथे दिलेला नमुना सात छोट्या फुलांच्या गुच्छाचा आहे. त्याला साचा लागत नाही, यंत्र लागत नाही. चौथी-पाचवीतलं मूल मोठ्यांच्या मदतीने एका दुपारी करू शकेल.

सहाच पाकळ्या का

यातलं प्रत्येक फूल म्हणजे सहा पाकळ्यांचा एक छोटा द्रोण. सहा ही सम संख्या असल्याने तो मधोमध दुमडला की तीन पाकळ्या वर आणि तीन खाली अशा बरोबर बसतात. पाच किंवा सात पाकळ्या असत्या तर एका पाकळीच्या पोटातून घडी गेली असती.

दुसरं कारण जास्त मजेचं आहे. रुपयाचं एक नाणं टेबलावर ठेवा आणि त्याला चिकटून तसलीच नाणी गोलाकार लावत जा. बरोबर सहा बसतात. फट उरत नाही की दाटी होत नाही. आपली सात फुलं उघडल्यावर तशीच बसणार आहेत, मध्ये एक आणि भोवती सहा. मधल्या फुलाच्या प्रत्येक पाकळीला एकेक शेजारी मिळतो. पाकळ्यांची आणि फुलांची संख्या अशी एकमेकींत अडकलेली आहे, त्यामुळे पहिल्या खेपेला तरी त्यात बदल करू नका.

कागद आणि बाकीचं सामान

फुलांसाठी ७० ते ८० जीएसएमचा रंगीत कागद घ्या. झेरॉक्सच्या दुकानात रंगीत ए-फोर कागद मिळतो, तोच. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलीमीटर जाड असतो. आपल्या मिटलेल्या गुच्छात सगळ्यात दाट जागी कागदाचे दहा थर एकावर एक येतात, म्हणजे झाला एक मिलीमीटर. हीच फुलं पाव मिलीमीटर जाडीच्या कार्डशीटची केली तर तिथे अडीच मिलीमीटर होतील आणि कार्ड कायम तोंड उघडून बसेल. दुकानात जाड कागद भारी वाटतो म्हणून उचलावासा वाटतो, तो मोह इथे आवरा.

क्रेप आणि पतंगाचा कागद दिसायला छान, पण या कामाला लुळे. घडी घातलेल्या कागदाला परत उघडण्याची थोडी ओढ असावी लागते, ती त्यांच्यात नाही. घोटीव कागद मात्र चालतो. त्याची एकच बाजू रंगीत असते, ती द्रोणाच्या आत येऊ द्या. पांढरी बाजू बाहेर राहते आणि गोंद तिलाच नीट धरतो.

कार्डासाठी २०० ते २५० जीएसएमची ए-फोर कार्डशीट लागेल. शिवाय लहान धारदार कात्री, पट्टी, पेन्सिल, शाई संपलेलं बॉलपेन आणि टूथपिक. गोंदाच्या बाबतीत माझं मत ग्लू स्टिकच्या बाजूने आहे, कारण तिने कागद ओला होत नाही. पांढरा गोंदच घरात असेल तर टूथपिकच्या टोकाने ठिपका द्या, ट्यूब थेट कागदावर दाबू नका. पावसाळ्यात साताऱ्याची हवा अशी दमट असते की कागद आदल्या रात्री बाहेर राहिला तरी सकाळी मऊ पडलेला असतो. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा, आणि गोंद वाळायला उन्हाळ्यापेक्षा बराच जास्त वेळ द्या.

पहिलं काम: चौकोन आणि पाकळ्या

८ सेंटिमीटर बाजूचे सात चौकोन कापा. एका ए-फोर कागदात असे सहाच बसतात, म्हणून दोन रंगांचे दोन कागद घेतलेले बरे. वर्गासाठी बरीच कार्डं करायची असतील तर ७ सेंटिमीटरचा चौकोन परवडतो, एका कागदात बारा निघतात. मग पुढे येणारी अंतरंही थोडी कमी करावी लागतील, ती त्या-त्या जागी सांगते. चौकोन खरोखर चौकोन आहे का, हे कर्णावर दुमडून बघा. कडा जुळल्या नाहीत तर तो बाजूला टाका. इथे दोन मिलीमीटरची चूक सोडून दिली तर ती शेवटी तिरक्या गुच्छाच्या रूपाने परत येते.

आता चौकोन अर्धा दुमडा, परत अर्धा दुमडा. ४ सेंटिमीटरचा छोटा चौकोन झाला. तो कर्णावर दुमडला की त्रिकोण होतो. मात्र दुमडताना कर्ण मूळ कागदाच्या मध्यापासून निघायला हवा. तो मध्य ओळखायची खूण अशी: छोट्या चौकोनाच्या ज्या कोपऱ्यात एकही सुटी कड नाही, सगळ्या घड्याच आहेत, तो मध्य. नवशिक्याची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. भलत्या कोपऱ्याकडून कापलं की फुलाऐवजी हातात सुटे तुकडे येतात.

त्रिकोणाच्या त्या मिटलेल्या टोकापासून दोन्ही बाजूंवर ३ सेंटिमीटरला खुणा करा. त्या दोन खुणा जोडणारी कमान काढा, जिचा माथा टोकापासून ४ सेंटिमीटरवर येईल. (७ सेंटिमीटरच्या चौकोनासाठी खुणा अडीचच्या जरा पुढे आणि माथा साडेतीन सेंटिमीटरवर.) ही झाली पाकळी. जाड पुठ्ठ्याचा एक फर्मा करून ठेवला तर सातही फुलं सारखी निघतात. आठ थर एकदम कापायचे असल्याने कात्री स्थिर धरा आणि कागद फिरवा. शेवटी मिटलेल्या टोकाचा जेमतेम एक मिलीमीटर उडवा. फुलाच्या मध्यभागी बारीक भोक पडेल, ते हवंच. सगळ्या घड्या एका बिंदूत आल्या की कागद तिथे फाटायला बघतो, भोकामुळे तो ताण जातो.

उघडलं की आठ पाकळ्यांचं चपटं फूल हातात येतं. शिरा, ठिपके, मधला पिवळा पराग, जे काही रंगवायचं ते आत्ताच, कागद सपाट असताना रंगवा. स्केचपेन चालेल. मणी, टिकल्या, कुंदन मात्र नकोत. एक मणी सगळी सपाटी घालवतो.

दुसरं काम: द्रोण

आठांपैकी एक पाकळी घड्यांच्या रेघांवरून मध्यापर्यंत कापून काढून टाका. सात उरल्या. कापलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या पाकळ्या एकमेकींवर तंतोतंत ठेवून चिकटवा. दोनांची एक झाली, म्हणजे सहा पाकळ्या, आणि फुलाला द्रोणाचा खोलगट आकार आला. प्रत्येक पाकळी मध्याशी ४५ अंशांची आहे. ३६० मधून दोन पाकळ्यांचे ९० गेले, २७० उरले. मिटल्यावर त्याचे १३५ अंशांचे दोन सारखे पंखे होतात.

चिकटवलेली दुहेरी पाकळी कुठे येते याकडे लक्ष द्या. ती इतरांपेक्षा मजबूत असते, तेव्हा तिला जड काम द्यावं. पहिल्या आणि सातव्या फुलाला कार्डाची ओढ सोसायची आहे. त्या दोघांना मिटताना दुहेरी पाकळी एका बाजूच्या तिघींमध्ये मधोमध येईल असं बघा. बाकीच्या पाच फुलांत ती कुठेही आली तरी चालेल.

सातही द्रोण मिटवा, दोन्ही कडांवरून नख फिरवा आणि एखाद्या जाड पुस्तकात थोडा वेळ दाबून ठेवा. तेवढ्यात चहा होतो.

तिसरं काम: चळत रचणं

सगळं कार्ड या टप्प्यावर उभं आहे, त्यामुळे घाई करू नका.

एका रद्दी कागदावर पट्टीने आडवी रेघ मारा. तिच्यावर साडेचार सेंटिमीटर अंतराने तीन खुणा करा: डावी, मधली, उजवी. (७ सेंटिमीटरच्या चौकोनांसाठी हे अंतर ४ सेंटिमीटर.) आता प्रत्येक मिटलेलं फूल असं ठेवायचं की त्याचं बूड खुणेवर आणि पाकळ्या तुमच्यापासून पलीकडे. वरून बघताना प्रत्येक फुलाच्या तीन पाकळ्या दिसतील: डावी, मधली, उजवी.

क्रम सोपा आहे. पहिलं फूल मधल्या खुणेवर, दुहेरी पाकळी खालच्या अंगाला. दुसरं डाव्या खुणेवर, तिसरं उजव्या. चौथं पुन्हा मध्ये. पाचवं डावीकडे, सहावं उजवीकडे. सातवं मध्ये, आणि याची दुहेरी पाकळी वर. खुणांवर ठेवलं की पहिल्या फुलाची डावी पाकळी आणि दुसऱ्याची खालची उजवी पाकळी टोकाजवळ एकमेकींवर आपोआप येतात. गोंद फक्त तिथे, टोकाकडून पाऊण सेंटिमीटर आत, तिळाएवढा.

गोंद कुठे द्यायचा याचा नियम एकच. नवं फूल ठेवण्याआधी, त्याच्या पाकळीचं टोक खालच्या ज्या-ज्या पाकळीच्या टोकावर येणार आहे तिथे ठिपका द्यायचा. पहिल्या फुलाच्या तिन्ही पाकळ्यांना ठिपके लागतात, कारण बाजूच्या दोघींवर दुसरं-तिसरं येणार आणि मधलीवर चौथं. दुसऱ्याची डावी आणि तिसऱ्याची उजवी पाकळी बाहेरच्या अंगाला असल्याने कोरडी राहते, पाचव्या-सहाव्याचंही तसंच. शेवटी मोजा. सगळे मिळून बारा सांधे व्हायला हवेत: मधल्या फुलाचे सहा शेजाऱ्यांशी सहा, आणि त्या सहा शेजाऱ्यांचे आपापसात सहा. अकरा भरले तर कुठेतरी एक ठिपका राहिला आहे. तेरा भरत असतील तर गोंद भलतीकडे पोचला आहे.

द्रोणाच्या आत गोंद जाता कामा नये. एका फुलाची वरची आणि खालची पाकळी एकमेकींना चिकटली की ते फूल कायमचं मुकं झालं. प्रत्येक थरानंतर मिटलेल्या फुलात टूथपिक घालून एकदा फिरवून बघा.

वाळल्यावर पहिल्या फुलाची खालची मधली पाकळी एका चिमटीत आणि सातव्याची वरची मधली पाकळी दुसऱ्या चिमटीत धरून हलकेच ओढा. मध्ये एक आणि भोवती सहा असा गुच्छ फुलला पाहिजे. एखादं फूल तिरकं बसलं असेल तर ते कळायची आणि सुधारायची हीच वेळ.

चौथं काम: गुच्छ कार्डात बसवणं

कार्डशीटवर मधोमध पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने जोर देऊन रेघ ओढा आणि मग दुमडा. जाड कागद असा आधी रेखला नाही तर घडी भेगाळते.

मिटलेली चळत उजव्या पानावर ठेवा. बुडं मधल्या घडीकडे, पाकळ्या बाहेरच्या कडेकडे. उलटं ठेवलंत तर कार्ड उघडल्यावर बघणाऱ्याला फुलांच्या पाठी दिसतील.

आता प्रश्न आला की बुडं घडीपासून किती लांब ठेवायची. हात आपोआप ती घडीला टेकवून ठेवायला जातो, आणि मग कार्ड पूर्ण उघडलं तरी फुलं अर्धवट मिटलेलीच राहतात. हिशेब असा आहे. चळत दोन जागी कार्डाला चिकटणार, एका पानावर पहिलं फूल आणि समोरच्या पानावर सातवं. कार्ड पूर्ण उघडल्यावर या दोन ठिपक्यांमधलं अंतर, ठिपका घडीपासून जितका लांब त्याच्या दुप्पट होतं. बुडं ३ सेंटिमीटरवर ठेवली तर ठिपका साधारण ६ सेंटिमीटरवर येतो आणि उघडल्यावर १२ सेंटिमीटर मिळतात. आपला गुच्छ ताण न घेता १४ सेंटिमीटरच्या आसपास पसरतो, म्हणजे १२ ला तो छान फुललेला आणि सुरक्षित. बुडं घडीला टेकवली तर सहाच सेंटिमीटर मिळतात, आणि ५ सेंटिमीटर लांब ठेवली तर सोळा, तेव्हा पाकळ्या टराटर फाटतात. ८ सेंटिमीटरच्या चौकोनाला ३ सेंटिमीटर, ७ च्या चौकोनाला थोडं कमी, अडीचच्या जरा पुढे.

मिटलेली चळत जवळपास साडेपंधरा सेंटिमीटर लांब असते आणि मधली घडी २१ सेंटिमीटरची, त्यामुळे दोन्हीकडे अडीच सेंटिमीटरहून जास्त जागा मोकळी राहते. मिटलेल्या कार्डातून पाकळी बाहेर डोकावणार नाही.

घडीला समांतर ३ सेंटिमीटरवर पेन्सिलने फिकट रेघ मारा आणि बुडं त्या रेघेवर लावा. पहिल्या फुलाच्या खालच्या मधल्या पाकळीला, म्हणजे दुहेरीला, टोकाजवळ गोंद लावून ती पानावर चिकटवा. ती धरली की सातव्याच्या वरच्या मधल्या पाकळीला गोंद लावा आणि डावं पान सरळ वर मिटवा. जागा शोधत बसू नका. कार्ड मिटताना पान त्या पाकळीला जिथे टेकेल, तीच तिची योग्य जागा. पान हाताने चिकटवायला गेलात तर हमखास तिरकं बसतं. वर वजन ठेवा, गोंद पूर्ण वाळेपर्यंत उघडून बघायचा मोह टाळा, आणि मग सावकाश उघडा.

पानं लावायची असतील तर हिरव्या कागदाची निमुळती पानं कापून बाहेरच्या फुलांच्या कोरड्या राहिलेल्या पाकळ्यांना मागून चिकटवा. लावल्यावर कार्ड मिटवून चारही कडा तपासा. बाहेर आलेलं पान तिथल्या तिथे कापा.

रंगांसाठी कासकडे बघा

लाल गुलाबी फुलं सगळेच करतात. साताऱ्यात राहून रंग शोधायला लांब जायची गरज नाही. पंचविसेक किलोमीटरवर कासचं पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, त्यांत तेही आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून तिथे सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा निळसर जांभळा आणि गेंदाचा पांढरा रंग पसरतो. सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण ही वनस्पती कीटक खाणारी आहे, हे वर्गात सांगितलं की मुलं ते फूल आधी मागतात. मध्ये एक पिवळं आणि भोवती जांभळी सहा, ही माझी आवडती जोडी. तीन-तीन रंग आलटून पालटून लावायचे असतील तर पहिलं, पाचवं, सहावं एका रंगाचं आणि दुसरं, तिसरं, सातवं दुसऱ्या रंगाचं घ्या. मधलं चौथं वेगळं. उघडल्यावर भोवतीच्या सहांत रंग एकाआड एक येतात. आणि नमुना म्हणून पठारावरचं फूल तोडून आणू नका, फोटो पुरतो.

अडलं तर

कार्ड मिटत नसेल तर आधी मिटलेल्या फुलांच्या कडा बघा. बहुतेक वेळा एखादा द्रोण घडी सोडून भलतीकडेच दुमडला जात असतो. टूथपिकने त्याला मूळ घडीवर आणून दोन-तीनदा मिटवा-उघडा, कागद वळण लक्षात ठेवतो. उघडताना एका बाजूला ओढ बसत असेल तर चळत घडीला समांतर नाही. कार्डाकडची पाकळी अलगद सोडवून पुन्हा लावण्याला पर्याय नाही. फुलं कार्डाच्या मध्याऐवजी वर-खाली सरकली असतील तर ते राहू द्या, तेवढं सगळ्यांना शोभतं.

टपालाने पाठवताना

कार्ड सपाट मिटतं याचा खरा उपयोग इथे. मिटलेलं कार्ड २१ बाय १४.८ सेंटिमीटरचं, ते १६.२ बाय २२.९ सेंटिमीटरच्या सी-फाइव्ह पाकिटात आरामात बसतं. वजनाचा अंदाज घरीच येतो. सोळा ए-फोर कागद मिळून एक चौरस मीटर होतो, तेव्हा २५० जीएसएमची एक शीट साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास. फुलं आणि गोंद मिळून तीनेक ग्रॅम, वर पाकिटाचं वजन. म्हणजे सांगलीच्या मावशीला पाठवायचं पाकीट २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यापलीकडे जाणारच. तिकीट घरून लावून पेटीत टाकण्यापेक्षा पोस्टाच्या खिडकीवर वजन करून घ्या, नाहीतर कमी पडलेल्या तिकिटाचे पैसे मावशीला भरावे लागतील. पाकिटात घालताना कार्डाची मधली घडी खालच्या बाजूला ठेवा. तिकीट वरच्या कोपऱ्यात असतं आणि पोस्टाचा शिक्का तिथेच जोरात बसतो. तिथे खाली फुलं नसली म्हणजे झालं.